टाच टेकण्यापुरती जागा

"साहेब, हा एक शेवटचा. पायात घालून तर बघा. नाही आवडला तर परत डब्यात, त्यात काय एवढं!"

साहेब म्हणजे पोट सुटलेले एक घाईतले गृहस्थ. त्यांना पहिलाच बूट आवडला होता आणि तसं त्यांनी दोनदा सांगितलंही होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचा पाय माझ्या स्टुलाच्या उतरत्या फळीवर होता, फळीच्या अलीकडे मी बसले होते, आणि आजूबाजूला उघड्या डब्यांचा असा पसारा मांडला होता की उठायचं म्हटलं तरी त्यांना वाट नव्हती.

"अहो बाई, पण तो पहिलाच बरा होता की."

"बरा होता हो. पण बरा वेगळा आणि चांगला वेगळा. तो टाचेत सैल होता. आत्ता नाही कळायचं तुम्हाला, चार दिवस चाललात की कळेल. थांबा, वाकू नका तुम्ही. लेस मी बांधते."

लेस मी फार निगुतीने बांधते. एकेका भोकातून ओढून, दोन्ही टोकं सारखी करून, गाठ मारून, मग ती पसंत पडली नाही म्हणून सोडून पुन्हा मारून. गिऱ्हाइकाला वाटतं, काय ही बाई, किती जीव ओतून काम करते! गल्ल्यावर बसलेल्या मालकांनाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या साहेबांच्या पायाशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला माझ्या पायावरचा भार उतरवायचा होता.

आमच्या चपला-बुटांच्या दुकानात नोकरांना बसायला मनाई. कुठे पाटी नाही, पण मी कामाला लागले त्याच दिवशी मालकांच्या वडिलांनी बजावलं होतं, "नोकर बसलेला दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान बसलं." वडील गेले, नियम मागे राहिला. गल्ल्यामागची खुर्ची मालकांची. गुबगुबीत बाकं गिऱ्हाइकांची. आमच्या वाट्याला ते बुटकं स्टूल, आणि तेही समोर गिऱ्हाईक बसलं असेल तरच. गिऱ्हाईक बसलं की आपण बसायचं, ते उठलं की आपण उठायचं. मग तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक लवकर उठलेलं मला कसं परवडणार?

साहेबांनी शेवटी दोन जोड घेतले. एक पहिला, आणि एक माझ्या भिडेखातर. जाताना मालकांना म्हणालेसुद्धा, "बाई चिकाटीच्या आहेत हो तुमच्या!"

हे दुखणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं, बुटात खडा गेलाय. बूट काढून झटकला, खडा नव्हताच. मग एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि टाचेतून अशी कळ गेली की मी "आई गं!" म्हणून ओरडलेच. नवरा हडबडून उठला.

"काय चावलं? काय चावलं?"

"जमीन चावली," मी म्हणाले.

त्याला चेष्टा वाटली. पण ती जमीन मला मग रोज सकाळी चावायला लागली. गंमत अशी की चार पावलं चाललं की कळ जरा बोथट व्हायची. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पुन्हा टाच ठणकायची. आणि बसून उठलं की पहिलं पाऊल परत सकाळसारखंच. म्हणजे उभं राहिलं तरी मार, आणि बसलं तर उठताना मार. स्टुलावरून उठण्याची मी एक रीत बसवली होती. उठायच्या आधी पायाची बोटं वर ओढून धरायची, पोटरी ताणायची, मग छातीशी डब्यांची चळत घ्यायची आणि उठायचं. चेहरा डब्यांमागे लपतो. लोकांना वाटतं ओझ्यामुळे बाई कण्हली.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी अंगठ्याने टाच चाचपत चाचपत बरोबर त्या ठिकाणावर दाबलं.

"इथे?"

"इथेच! अहो सोडा, सोडा!"

त्यांनी समजावून सांगितलं. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो, तो सतत ताणून टाचेपाशी दुखावलाय. पलंगावरून उतरायच्या आधी टॉवेल तळव्याला अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. पाण्याची बाटली बर्फ करून तिच्यावर तळवा फिरवायचा. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. मऊ, टाचेला आधार देणारे बूट घालायचे. हे सगळं मी मान हलवून ऐकत होते. मऊ बूट कोणते ते मला त्यांनी सांगायला नको होतं.

"आणि मुख्य म्हणजे उभं राहणं कमी करा."

"डॉक्टर, मला पगारच उभं राहण्याचा मिळतो."

त्या हसल्या. मी हसले नाही.

"बरी होईल ना?"

"होईल की. बहुतेकांची होते. पण हात गळ्यात बांधून ठेवतात तशी टाच ठेवता येत नाही ना, वापरत वापरतच बरी करायची. वेळ लागेल. नुसतं अंगावर काढलंत तर मात्र..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मला ते पूर्ण ऐकायचंही नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मालकांना सरळ सांगायचं. सांगितलं असतं. पण मी मोठ्या बाईंचं काय झालं ते पाहिलं होतं. मोठ्या बाई आमच्यात सगळ्यांत जुन्या. लहान मुलांचे बूट त्याच बघायच्या, रडणारं पोर त्यांच्यापुढे गप्प व्हायचं. त्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या. भोळेपणाने मालकांना म्हणाल्या, "मधून मधून जरा टेकायला मिळालं तर बरं." मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, खरंच आलं. म्हणाले, "बाई, तुम्ही या दुकानासाठी खूप केलंत. आता तुम्हाला त्रास द्यायचा म्हणजे मला पाप लागेल." महिनाअखेरीला निरोप. भलामोठा फुलांचा गुच्छ, टाळ्या, भाषण. मोठ्या बाई आता बहिणीकडे राहतात आणि तिच्या घरचं सगळं काम करतात, उभ्यानेच. मालक वाईट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं. चांगल्या माणसापुढे काय बोलणार?

आणि माझं घर माझ्या नोकरीवर चाललं होतं. नवरा ट्रक चालवायचा. डोळ्यांनी दगा दिला, कडेचं दिसेनासं झालं, आणि त्याच्या हातातलं चाक सुटलं. तेव्हापासून तो घरी. स्वयंपाक करतो, कपडे धुतो, लेकीच्या कॉलेजच्या वेळा सांभाळतो, आणि मी घरी आले की बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पुढे करतो. पहिल्यांदा त्याने बाटली काठोकाठ भरून ठेवली होती, ती फ्रीजमध्ये तडकली. "ट्रकचा रेडिएटर सांभाळला इतकी वर्षं, आणि एवढं कळलं नाही!" म्हणून स्वतःवरच चिडला. मी त्याला सांगत असे, आता बरीच कमी आहे टाच. तो म्हणे, "दिसतंय ना. बाटलीचा गुण आहे." गुण बाटलीचा नव्हता, स्टुलाचा होता. एकेका गिऱ्हाइकाला पाच-पाच, सहा-सहा जोड घालायला लावत मी दिवस ढकलत होते, आणि टाच खरंच थोडी थोडी उतरत होती.

तिथेच मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

दुकान नव्याने सजवायचं ठरलं. काचेचा दर्शनी भाग, आरशासारखी फरशी, छतातून दिवे. दुकानाचं एकदम 'शोरूम' झालं. एके दिवशी मालकांनी सगळ्यांना गल्ल्यापाशी बोलावलं. आम्ही सगळे हात मागे बांधून उभे.

"नव्या शोरूमला एक फ्लोअर मॅनेजर लागणार," मालक म्हणाले. "दाराशी उभं राहून येणाऱ्याचं स्वागत करायचं, कुणाला काय हवं ते बघायचं, सगळ्यांवर नजर ठेवायची. बाहेरून माणूस आणा म्हणाले मला. मी म्हटलं, बाहेरून कशाला? आपल्याकडे सोनं आहे."

माझ्याशेजारी पॉलिश उभा होता. त्याने शर्टाची बाही सारखी केली. पॉलिश हे त्याचं टोपणनाव. बोलणं गुळगुळीत, केस गुळगुळीत, बूट असे की त्यात तोंड दिसावं. दाराशी उभं राहावं तर पॉलिशनेच, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याला तर होतंच होतं.

"ही बाई," मालकांनी माझ्याकडे हात केला, "हिच्यासमोर बसलेलं गिऱ्हाईक कधी एका जोडावर उठत नाही. मी रोज इथून बघतो. दुसरे लोक दोन डबे दाखवून मोकळे होतात, आणि ही बाई कंटाळत नाही! आजपासून यांना ताई नाही म्हणायचं, मॅडम म्हणायचं."

टाळ्या वाजल्या. दाराशी. उभं. सकाळपासून कुलूप लागेपर्यंत. करायला गेले काय आणि झालं काय!

टाळ्या थांबल्यावर मी मालकांच्या मागे गेले.

"मालक, एक बोलू? हे काम पॉलिशला द्या. त्याला शोभेल. मला आपलं गिऱ्हाइकाला माप देणंच बरं वाटतं."

मालक माझ्याकडे बघतच राहिले. मग मागे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंत सगळ्यांनी? पद मिळालंय तर दुसऱ्याचं नाव पुढे करते! यालाच म्हणतात मोठेपणा. बाई, आता तर तुम्हालाच घेणार."

झालं. हात दाखवून अवलक्षण. पॉलिशने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दान टाकायला गेले होते आणि त्याने ते सगळ्यांसमोर घ्यावं अशी माझी अपेक्षा होती.

"अभिनंदन, मॅडम," तो म्हणाला. "आम्ही बसतो स्टुलावर. आम्हाला सवय आहे."

पॉलिशचा त्या स्टुलावर राग का, ते मला माहीत होतं. एकदा त्याची मुलगी मैत्रिणींबरोबर दुकानात आली होती. तिला ठाऊक नव्हतं की त्या दिवशी बाप मुलींच्या बाजूला कामाला आहे. तिच्या मैत्रिणीचा पाय फळीवर, आणि खाली स्टुलावर पॉलिश. मुलगी आरशात बघत राहिली, ओळख दाखवली नाही. पॉलिशनेही दाखवली नाही. "ताई, छान दिसतोय पायाला," असं त्या मैत्रिणीला म्हणाला. आत येऊन पाणी प्यायला आणि आधीच चकचकीत असलेले आपले बूट पुन्हा पुसले. ज्याच्यावर बसून मला सुख लागत होतं, त्याच्यावरून उठण्यासाठी तो वर्षानुवर्षं झुरत होता. आणि आमची अदलाबदल होत नव्हती, कारण मला का नको ते मी तोंडाने सांगू शकत नव्हते.

घरी सांगणार होते. खरंच ठरवून गेले होते की आज नवऱ्याला सांगायचं, मला हे झेपणार नाही. पण दुकानातल्या कुणीतरी लेकीला आधीच कळवलं होतं. दारातच तिने मिठी मारली. नवरा फोनवर माझ्या नणंदेला सांगत होता, "अगं मॅनेजर! साधीसुधी नाही, मॅनेजर!" फोन ठेवून माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि एकदम त्याचा चेहरा ओघळला.

"काय झालं हो?"

"काही नाही गं. मी घरी बसलोय आणि तू रोज लोकांचे पाय मांडीशी घेऊन बसतेस, हे मला आत कुठेतरी खात होतं. बोललो नाही कधी. आता तुला कुणाच्या पायाशी बसायला नको."

डोळ्यांपायी गाडी गेली तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. आता काय सांगू याला? मी म्हणाले, "हो ना, सुटले बाई एकदाची." त्याने बाटली आणली. मी ती पायाखाली घेतली आणि लेक मोबाइलवर माझा फोटो काढत होती म्हणून हसले.

नवं शोरूम उघडलं. मालकांनी मला स्वतःच्या हाताने नवे बूट दिले. काळे, चकचकीत, निमुळते, तळ पापडासारखा पातळ. शोरूमचा नवा माल होता, मॅनेजरच्या पायात दिसला पाहिजे. आमच्याच मागच्या कपाटात मऊ तळाचे, टाचेला उशी असलेले बूट ओळीने मांडले होते. मी ते रोज पुसून घेत होते, विकायला लावत होते, आणि पायात घालू शकत नव्हते. टाचेखाली जेलची एक चकती लपवून बघितली. बूट इतका आवळला की बोटं निळी पडली. चकती काढून पर्समध्ये टाकली.

दाराशी उभी राहिले की थोड्या वेळाने मला फरशी कळायला लागायची. तिचा गारवा, तिचा कडकपणा, तिच्या सांध्याची रेघ कुठे आहे तेसुद्धा. मी एका पायावरून दुसऱ्यावर भार घ्यायचे. मग दुसराही कुरकुरायला लागला. डावा म्हणे, मी काय घोडं मारलंय तुझं? खालच्या फळीवरचे बूट नीट लावण्याचं निमित्त करून मी गुडघ्यावर बसायचे. मालक गल्ल्यावरून हाक मारायचे, "मॅडम, तुम्ही नका हो वाकू, मुलींना सांगा!" बाथरूमला जाऊन झाकणावर जरा टेकून यायचे. दोनचारदा गेल्यावर मालकांनी काळजीने विचारलं, "मॅडम, पोट बरं आहे ना?" मग तिकडेही जाणं कमी केलं. त्या माणसाच्या माझ्यावरच्या प्रेमाने मला चहूकडून कोंडून टाकलं होतं.

घरी टॉवेल, भिंत, बाटली सगळं चालू होतं. पण रात्री जेवढं शिवायचं तेवढं दिवसा उसवायचं. सकाळी पलंगावरून पाय टेकताना मी आता ओठ दाबून धरायचे, म्हणजे नवऱ्याला ऐकू जाऊ नये. एकदा त्याला जाग आलीच.

"दुखतंय?"

"छे. पाय आखडला नुसता."

"मॅनेजर झाल्यावर माणूस ताठ होणारच," तो हसून म्हणाला आणि चहा टाकायला उठला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, मग कामाची वेळ झाली.

मग फोटोचा दिवस आला.

मालकांना दाराजवळच्या भिंतीवर सगळ्या नोकरांचा एक मोठा फोटो हवा होता. फोटोग्राफर दिवे, छत्र्या घेऊन आला. त्याने सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं, लांबून डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "मधे काहीतरी हवं. मॅडमना बसवा ना खुर्चीत."

मी दचकले. मालक मात्र खूश झाले. "वा! माझीच खुर्ची आणा. मी मागे उभा राहतो. लोकांना दिसू दे, आमच्याकडे मालक आणि नोकर असलं काही नाही."

गल्ल्यामागची खुर्ची बाहेर आली. मी बसले.

काय सांगू तुम्हाला! पाठ टेकली, मांड्या टेकल्या, आणि टाचा हलक्या झाल्या. फोटोग्राफर दिवा इकडून तिकडे नेत होता, कुणाची कॉलर, कुणाचे केस सारखे करत होता. मागे सगळे चुळबुळत होते, "आवरा की हो" म्हणत होते. माझ्या मनात एकच, नको आवरूस रे बाबा, कर तुझं सावकाश. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं. जन्मात कुठल्या खुर्चीवर मी इतकं प्रेम केलं नव्हतं.

"झालं! थँक्यू!"

सगळे पांगले. मी बसूनच होते. आता पहिलं पाऊल टाकायचं होतं, आणि ते कसं असणार हे मला माहीत होतं. हातात डबे नव्हते. समोर मालक, आजूबाजूला सगळे, वर चारी बाजूंनी दिवे.

"माझे डोळे मिटले होते बहुतेक," मी म्हणाले. "पुन्हा काढा."

पुन्हा काढला. "आता मान वाकडी झाली." पुन्हा काढला. मुली हसायला लागल्या. "मॅडमना खुर्ची आवडली!" मालकही हसले, "मॅडम, उठा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय बाहेर."

मी खुर्चीचे हात धरले आणि उठले. अर्धी उठले. उजवा पाय टेकला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तोंडातून आवाज निघणार एवढ्यात कुणीतरी माझा कोपर धरला.

"थांबा थांबा!" पॉलिश होता. "एक आमचा जोडीने काढा. दुकानातली आम्ही दोघं जुनी माणसं. मॅडम, ठेवा हात खांद्यावर. ठेवा हो, दाबून ठेवा, मी काय मोडतोय?"

मी त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकला. तो दात दाखवून कॅमेऱ्याकडे हसत होता. फोटो निघाला. "मॅडम, आतला नवा माल दाखवायचा होता तुम्हाला," असं मोठ्याने म्हणत त्याने मला तसंच धरून मागच्या गोदामात नेलं आणि दार लोटलं.

"कुठली टाच? उजवीच ना?" तो म्हणाला.

"कसली टाच?"

"ताई, मीही इथेच केस पिकवलेत. तुम्ही गिऱ्हाईक का धरून ठेवत होतात, ते मला तेव्हाच कळलं होतं. लेस बांधायला एवढा वेळ लागतो होय?"

मला लाज वाटली, आणि भीतीही. हा माणूस गल्ल्यापर्यंत चालत गेला तर संध्याकाळच्या आत त्याला दार मिळेल आणि मला घर.

"मग मालकांना का सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो. तुमचं नाव घेतलं त्याच दिवशी. गेलो होतो त्यांच्यापर्यंत. त्यांनी विचारलं, काय रे? मी म्हटलं, काही नाही, सुट्टे हवे होते."

"का पण?"

पॉलिश डब्यांच्या चळतीकडे बघत होता. "मोठ्या बाईंची फुलं आणायला मलाच पाठवलं होतं. परत आणायची नाहीत मला. तुमच्या फुलांवर पाय देऊन दाराशी उभं राहायचं असेल, तर स्टूल बरं."

मी म्हणाले, "मी उद्या मालकांना सांगते. मला नाही जमत, पॉलिशला द्या, म्हणून."

"आणि का जमत नाही म्हणून विचारलं तर?"

बाहेर नवं गिऱ्हाईक आल्याचा आवाज आला, कुणीतरी "मॅडम!" म्हणून हाक मारली.

पॉलिशने बुटांचं एक मोठं खोकं पायाने माझ्याकडे सरकवलं. "बसा जरा. मी जातो दाराशी. विचारलं तर सांगतो, मॅडम माल मोजतायत."

"नको रे," मी म्हणाले. "आत्ताच उठलेय. आता बसले तर परत उठवणार नाही."

त्याने मान हलवली, केसांवरून हात फिरवला, आणि माझ्या आधी बाहेर जाऊन स्टुलावर बसला. समोर कुणीतरी पाय पुढे केला होता.

फोटो आता लागलाय, दाराजवळच्या भिंतीवर, मी उभी असते तिथेच, माझ्या खांद्यामागे. मोठा आहे चांगला, लाकडी चौकटीत. मागे सगळे रांगेने उभे, मालक छाती काढून, आणि मधे खुर्चीत मी. नवरा आणि लेक एका संध्याकाळी मुद्दाम बघायला आले होते. त्याला कडेची माणसं नीट दिसली नाहीत, पण मधली दिसली. तो बराच वेळ फोटोपुढे उभा होता.

काल एक वयस्क बाई सुनेबरोबर आल्या. मी हसून स्वागत केलं. त्या आत जाता जाता थबकल्या, एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"ह्या तुम्हीच ना?"

"हो, मीच."

"किती निवांत बसला आहात हो! असं बसायला मिळावं माणसाला."

"हो ना," मी म्हणाले. "या ना, आत या." आणि भार डाव्या पायावर घेऊन त्यांच्या सुनेसाठी दार उघडून धरलं.